शिंपल्यांची चौकट

फरशी बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे लेव्हलमास्तर म्हणायचे. चहाचा कप ठेवण्याआधी टेबल सरळ आहे का ते बघणारा माणूस तो. त्याला दुसरं नाव शोभलंही नसतं. त्याला टाकून बोलायची हिंमत घरात एकटी टिकली करायची. टिकली म्हणजे त्याची मुलगी, जेमतेम दुसरीत गेलेली. थंडीत तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

तिची कापडी पिशवी तेव्हापासून खाटेखाली पडून होती, समुद्रावर वेचलेल्या शिंपल्यांनी गच्च भरलेली. रविवारी बापलेक समुद्रावर जायचे. टिकलीची आई कधीच नाही, कारण इस्पितळाच्या धुलाईखान्यात रविवारी तिची हमखास ड्यूटी असायची. "पुढच्या रविवारी नक्की हं," असं ती दर वेळी म्हणायची. आता तेच शब्द तिला आतून कुरतडत होते.

नणंद भेटायला आली की खाटेखाली बघून नाक मुरडायची. "वास मारतोय वहिनी. द्या ना टाकून आता. असं किती दिवस उराशी धरून बसणार?"

वहिनी वाकून पिशवी आणखी आत सरकवायची. शेवटी एकदा मास्तरच म्हणाला, "अगं, मी यांची आरशाला चौकट करतो. भिंतीवर राहतील, डोळ्यांसमोर."

तिने खाटेखालून पिशवी ओढून त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "करा. मी काही तिच्याबरोबर आले नाही कधी. निदान तिने काय काय उचललं ते तरी बघेन."

तिची मागणी एवढीच होती.

रविवारी ती कामावर गेली आणि मास्तर मागच्या दारी बसला. सोडा घालून शिंपले उकळले, जुन्या टूथब्रशने खाचांतली वाळू काढली, वर्तमानपत्रावर उन्हात वाळवले. मग निवडायला घेतले. फरशीचा खोका उघडल्यावर करायचा तसंच: उचलायचं, नखाने टिचकी मारायची, कडेवरून अंगठा फिरवायचा. अख्खं उजवीकडे, फुटकं डावीकडच्या गोणीत. किती महिन्यांनी हाताला मनासारखं काम लागलं होतं. त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. गोणीत आदल्या दिवशीच्या कामाचा राडारोडा होताच. कचऱ्याची गाडी आली तशी त्याने गोणी स्वतः उचलून गाडीत रिकामी केली.

मग प्लायवूडची चौकट कापली, गोंद लावला, एकेक शिंपला बसवत गेला. मोठे खाली, लहान वर, कडा कडेला लागून. लेव्हल लावून बघायचा मोह त्याला आवरला नाही. शेवटच्या कोपऱ्यात बोटभर जागा उरली. तिथे अख्खा शिंपला बसेना. कोपऱ्याला तुकडाच लागतो.

"टिकले, एक तुकडा दे गं," तो बोलून गेला.

आणि त्याची नजर रिकाम्या गोणीकडे गेली.

टिकली फक्त तुकडेच उचलायची. "अख्खे काय बाबा, कुणीपण नेईल. या बिचाऱ्या फुटक्यांना कोण नेणार?" असं कमरेवर हात ठेवून ठणकावायची. अख्खे वेचायचा तो. लेकीने असला भंगार माल घरी न्यावा हे त्याला बघवायचं नाही. तिची पाठ वळली की एखादा देखणा शिंपला तो हळूच पिशवीत सरकवायचा. "हे माझे नाहीत," म्हणून ती घरी गेल्यावर फुरंगटून बसायची.

कुणी म्हणेल, बाप असून विसरला कसा? विसरला नव्हता. हात पुढे गेले आणि डोकं मागे राहिलं. चौकटीवर होतं ते सगळं त्याने वेचलेलं. तिच्या हातचं एकूण एक गाडीत गेलं होतं. तो अनवाणीच रस्त्याच्या टोकापर्यंत धावला. गाडीचा मागमूस नव्हता. सगळ्या गावाच्या कचऱ्यात नखाएवढे तुकडे शोधणार तरी कुठे? परत येऊन तो उंबऱ्यावर बसला आणि पोटभर रडला. बायकोला खरं ते सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

संध्याकाळी ती आली. हातांना अजून धुलाईखान्याच्या साबणाचा वास होता. पर्ससुद्धा खाली न ठेवता ती आरशापुढे उभी राहिली.

"अगंबाई," ती म्हणाली. "केवढी नजर होती हो पोरीची!"

मास्तरने तोंड उघडलं. पण ती पुढे बोलतच होती, आणि किती दिवसांनी बोलत होती.

"यातला तिचा सगळ्यात लाडका कुठला?"

त्याने एका तपकिरी रेघांच्या शिंपल्याकडे बोट केलं. "हा."

"कुठे मिळाला तिला?"

"खडकांपाशी. पाणी ओसरलं होतं. वाळूतून नुसतं टोक दिसत होतं. वाकून उचलला, फुंकर मारून वाळू उडवली आणि टाकला पिशवीत."

सगळं अगदी तसंच घडलं होतं. फक्त वाकला होता तो.

तिने शिंपल्यावर बोट ठेवलं आणि रेघांवरून सावकाश फिरवलं. मग कडेशी आली आणि थांबली.

"उचलताना तिचं बोट इथेच लागलं असेल, नाही?"

"हो," मास्तर म्हणाला. "तिथेच."