आत्यांच्या तोंडाचा रंग

आमच्या आत्यांच्या अंगात बिरोबा यायचा. आत्या म्हणजे माझी सासू, तानूबाई. देव वेळ तरी काय साधायचा! जेवण झालं की यायचा, नाहीतर घरात कुणी आवाज चढवला की. दम लागायचा, छाती धडधडायची, घामाच्या धारा. की लगेच माझे सासरे, म्हणजे मामा, पिशवीतला भंडारा मूठभर काढून त्यांच्या तोंडाला, कानाला, गळ्याला फासायचे आणि हात जोडून पुढ्यात बसायचे. ज्या बायकोला जन्मभर "ए, हिकडं ये" म्हणून बोलावलं, तिलाच आता विचारायचे, "देवा, बोअरला पानी लागंल का?" निम्मं पळसदेव गाव अंगणात गोळा व्हायचं.

देव गेला की आत्या तांब्या घेऊन परसाकडं पळायच्या. दिवसभर तेच. बाई वाळून काटकी झाली. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, आवेचं दिलं, दम्याचं दिलं. देवाचं मात्र आम्ही एकाही डॉक्टरला सांगितलं नाही. देवाचं कुणी डॉक्टरला सांगतं का?

अशी दोन वर्षं गेली. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आत्यांचे पाय सुजले. मी कुणाला न विचारता त्यांना एस्टीत बसवून बारामतीला नेलं. मामा चडफडत मागून आले.

सोनोग्राफीत यकृतावर गाठीच गाठी निघाल्या. डॉक्टर नवे होते, तरुण होते. म्हणाले, "कॅन्सर पसरलाय, पण सुरू कुठून झाला ते सापडत नाही. नेहमीचा असला तर दोन-चार महिने. एक प्रकार मात्र फार क्वचित होतो. आतड्यात बारीक गाठ असते, ती सावकाश वाढते. तो असला तर उपचार करून माणूस वर्षानुवर्षं जगतं."

"मग त्योच धरा की, डॉक्टर!" मी म्हटलं. जणू बाजारात भाजी निवडत होते.

"त्यात मधूनच तोंड लालबुंद होतं. यांचं होतं का?"

"न्हाय," मामा म्हणाले. "लाल कवाच न्हाय."

मीही मान हलवली. डॉक्टरांनी कागद मिटला. "घरी न्या. खावंसं वाटेल ते द्या."

परतताना भवानीनगरपाशी आत्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. अंगात वारं आल्यावर हे तोंड आम्ही कधी बघितलं होतं? आम्ही सगळ्यांनी फक्त भंडारा बघितला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर वारं आलं. मामांनी भंडारा फासला, शेजारणी गोळा झाल्या. मी ओला पंचा घेतला आणि आत्यांचं तोंड, गळा खसाखसा पुसायला लागले.

"सारजे! देव हाय त्यो!" मामा ओरडले.

"आसंना! बघू द्या की मला त्याचं तोंड!"

"पाप लागंल गं तुला," शेजारची म्हाळसा म्हणाली. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण भंडारा निघाला आणि खाली सावळ्या कातडीतूनसुद्धा लाल भडक तोंड दिसलं. गळा लाल, छाती लाल, कान जांभळे. मामा खाली बसले.

मग बारामतीच्या डॉक्टरांना जाऊन हे सांगितलं, आणि त्यांनी आत्यांची एका दिवसाची सगळी लघवी कॅनमध्ये साठवून तपासायला पुण्याला पाठवली. रोगाचं नाव आलं, कार्सिनॉइड. डॉक्टरांनी शंका घेतलेलाच तो. कॅन्सरचा निकाल ऐकून आनंदलेली बाई बारामतीनं तेवढी मी एकच बघितली असेल.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाच-सहा डॉक्टर आत्यांभोवती जमले. असा पेशंट त्यांना कुठला मिळायला? त्यातले मोठे डॉक्टर शेवटी आमच्याकडं वळले.

"गाठीतून जे रक्तात मिसळतं, त्यानं हृदयाची झडप गेलीय. पायाची सूज त्याचीच. हे हृदय आता गाठीचं ऑपरेशन सोसणार नाही. दोन वर्षं आधी आणायला हवं होतं."

माझा तोल सुटला. वॉर्डभर ऐकू जाईल अशी मी मामांवर ओरडले, "दोन वर्सं बोअरचं इचारलंसा! ह्या बाईला कवा इचारलं, तुला काय हुतंय म्हनून?"

माझा आवाज चढला आणि आत्यांना वारं आलं. आता मी काय म्हणू त्याला? दुसरा शब्द मला अजून येत नाही. तोंड लाल होत गेलं, श्वास अडकला. मामांनी सवयीनं हात जोडले.

आत्यांनी डोळे उघडले.

"आवं, हात जोडू नगा," त्या म्हणाल्या. "मला लई भ्या वाटतंय. माजा हात धरा."

मामांना ते कुठलं जमायला? त्यांनी आत्यांचं मनगट धरलं, पळणारी मेंढी धरावी तसं आवळून, आणि नर्स सोडा म्हणाली तरी सोडेनात.