उलटा पुरलेला जोसेफ

मी प्लॅस्टिकचा संत जोसेफ बोलतोय. उंची चार बोटं. डोकं खाली, पाय वर. हसू नका. अंगात रक्त नाही म्हणून, नाहीतर केव्हाच घेरी आली असती.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी देव्हाऱ्यात बसेन, रोज एक मेणबत्ती मिळेल. पण बफेलो शहरातल्या दुकानात माझ्या खोक्यावर छापलं होतं, ‘घर विकण्यासाठी’. ज्यांचं नाव मी लावतो, त्या संतांना ऐन नाताळात बायकोच्या बाळंतपणासाठी एक खोली मिळाली नव्हती. आणि घरांचा कारभार म्हणे आमच्याकडे!

मला विकत घेतलं स्टेफानियाबाईंनी. नवरा गेल्यावर त्यांना ते थंडगार घर विकून फ्लोरिडाला बहिणीकडे जायचं होतं. जोसेफ उलटा पुरला की घर लवकर विकलं जातं, अशी तिकडची समजूत; म्हणून नोव्हेंबरात त्यांनी मला अंगणात उलटं पुरलं. लोक देव पाण्यात घालतात, या बाईंनी मातीत घातला.

“घर विकलं गेलं की माझ्या हातांनी काढीन, नव्या घरात मानाची जागा देईन,” त्यांनी नवस बोलला. “तोवर राहा असाच. आरामात बसलास तर काम कोण करील?”

खरं सांगतो, मी काहीच केलं नाही. नाताळच्या तोंडावर घर कोण घेतं? ज्याला दुसरा इलाज नसतो तो. ओडेट आणि तिचा नवरा लूथर तसेच आले. तिला आठवा महिना, भाड्याची जागा वर्षअखेर सोडायची. व्यवहार झाला, बाई म्हणाल्या, “जोसेफ पावला!” मीही श्रेय मुकाट्यानं घेतलं. आमच्यात तशीच पद्धत आहे.

चोवीस डिसेंबरला सकाळी सामानाचा ट्रक दारात उभा. बाईंचं विमान दुपारचं. किल्ली त्यांच्या मुठीत.

“आधी माझा जोसेफ,” बाई म्हणाल्या. “तो मातीत राहिला तर हे घर विकलं जातच राहील. उद्या तुमच्याही हातून जाईल!”

ओडेटनं पोटावर हात ठेवला. “लूथर, खण!”

“आजी, सगळं गोठलंय. ही जमीन नाही, दगड आहे.”

“मग पाणी उकळ. आणि हळू रे, देव काढतोयस, बटाटे नाही!”

माझ्या तळव्यांवर तीन किटल्या उकळतं पाणी पडलं. इतकी पाद्यपूजा कुणाची झाली नसेल. मग पहार बसली. कट्! कमरेतून माझे दोन तुकडे झाले. पाय बाहेर, डोकं आतच.

ओडेटचे डोळे भरून आले. “झालं. आता आजी किल्ली देत नाहीत.”

स्टेफानियाबाईंनी माझे पाय रुमालानं पुसले. आणि एकदम फिसकन हसल्या.

“प्रवास मला करायचाय, म्हणजे पाय माझे. संसार तुम्हाला करायचाय, डोकं तुम्हाला लागेल.” त्यांनी किल्ली ओडेटच्या हातात ठेवली. “पण बर्फ वितळला की काढ हं, पोरी. नवसाचा माझा अर्धा वाटा मी फेडते, उरलेला तुझा.”

माझे पाय आता फ्लोरिडाच्या खिडकीत ऊन खात असतील. मी इथंच, बर्फाखाली. वर एक तान्हं बाळ दिवसभर भोकाड पसरतं, या घराचं मालक असल्यासारखं.

ओडेटबाई, वसंत आला की मला काढा. देव्हारा नको, मेणबत्ती नको. फक्त सुलटा ठेवा. एवढा आवाज करणारं तोंड एकदा सरळ बघायचंय.