दुसरा हात

फाड्कन बसली. फटाक्याच्या कानात शिट्टी वाजली, आणि समोर बसलेली त्याची ताई साहेबी आवाजात विचारतेय, "आमच्याकडे का यायचंय तुम्हाला?"

"सेवा कराय—"

दुसरी. ओठ फुटला.

"हात मांडीखाली. आणि वाक्य पुरं करायचं."

नोकरी होती मनोरुग्णांच्या वॉर्डात, मदतनीसाची. पेशंट चावणार, थुंकणार, अंगावर येणार, आणि यानं बोट उचलायचं नाही. आणि उमेदवार कोण, तर आपला फटाक्या! फोरमननं नुसतं "अक्कल आहे का?" विचारलं, तर त्याचे दोन दात पाडून कारखान्यातून हाकललेला. तेव्हापासून कुणी दारात उभं करेना. ही शेवटची आशा.

"मार कसा खायचा ते मला विचार," मुलाखतीची तालीम घ्यायला बसताना ताई म्हणाली होती. अकरा वर्षं संसार करून परत आली, ती डावा कान कामातून गेलेला घेऊनच. "जीभ दातांच्या आत. डोळे मिटायचे नाहीत. आणि उठलेल्या हाताकडे बघायचंच नाही, दुसरा बघायचा. काही असलं तर त्यात असतं."

तिसऱ्या दिवशी तिनं पट्टा काढला. दोन बसले आणि फटाक्याचं डोकंच सटकलं, त्यानं तिला धरून कपाटावर आपटली. आरसा खळ्कन फुटला. ती कपाळावरचं रक्त पुसत म्हणते कशी, "नापास. बस परत."

बसला बापडा.

मुलाखतीला मोठ्या सिस्टर त्याला थेट वॉर्डातच घेऊन गेल्या. आत शिरतोय तोच एका दांडग्या पेशंटनं तोंडावर तीन ठोसे हाणले. नाकातून धार लागली. फटाक्याचे हात पाठीमागे गच्च, डोळे सताड उघडे, नजर पेशंटच्या डाव्या हातावर. त्यात चमचा होता, घासून टोकदार केलेला. तो पोटाकडे आला तसं यानं फक्त मनगट धरलं.

"दादा, द्या इकडं."

दिला की त्यानं.

"कुठे शिकलात हे?" सिस्टरांनी कापूस पुढे करत विचारलं.

"बहिणीनं शिकवलं."

"आणि त्या कुठे शिकल्या?"

"सासरी."

सिस्टरांनी खिशातलं पेन काढलं. मग कागदावर सही करून म्हणाल्या, "सोमवारपासून या."

हा पळतच घरी. ताई दारातच उभी. "लागली, ताई!" म्हणत त्यानं टाळी द्यायला हात उंच उचलला.

ताईचे ओठ मिटले. डोळे उघडेच. ती त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघत होती.

त्यात नोकरीचा कागद होता.