ग्रामसभा माझ्यातून दिसली

मित्रांनो, दीक्षाच्या घरात फ्रीजशेजारच्या स्टुलावर बसलेला, एका बाजूचा पत्रा हरवलेला अकरा वर्षांचा संगणक म्हणजे मी. आमचे छोटे गाव मांडवगण फराट्यापासून जवळच आहे.

माझी उमेदीची वर्षे सणसवाडीच्या एका कारखान्यात हजेऱ्या मांडण्यात गेली. "हा कधी अडत नाही," असे साहेब कौतुकाने म्हणत. मग नवे लॅपटॉप आले आणि मी अडगळीत धूळ खात पडलो. तिथेच नोकरी करणाऱ्या दीक्षाने मला भंगारातून मागून घेतले.

तिला मी कशाला हवा होतो? मागच्या ग्रामसभेचे थेट प्रक्षेपण तिने एका मोठ्या साइटवर लावले होते. ते मध्येच गायब झाले. का, ते कुणी सांगितले नाही. तेव्हा तिने ठरवले, सर्व्हर आपलाच हवा. असेही एक सोशल नेटवर्क असते, ज्याला एकच मालक नसतो. माझ्यासारखे छोटे सर्व्हर गावोगावी असतात आणि एकमेकांशी बोलतात. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या सुमितचाही एक होता. त्याच्याकडे खाते असणाऱ्यांना माझ्याकडचे चित्र तिथूनच दिसणार होते.

दोन रविवार सुमितकडे चित्राऐवजी नुसते गोल चक्र फिरत राहिले. तिसऱ्या रविवारी दीक्षाने राऊटरमधली एक बंद वाट उघडली, मोबाइलचा कॅमेरा घरात फिरवला आणि फोनवर सुमित ओरडला, "ताई, दिसतंय! आजी मेथी निवडत्यात!"

दीक्षाच्या सोजरबाई आजींनी घाईने पदर सावरला. "आगं, आधी सांगायचं न्हाई का!"

ग्रामसभेच्या दिवशी मला आजींवर सोपवून दीक्षा मोबाइल घेऊन गेली. ती तिथून चित्र पाठवी, मी ते सगळ्यांपर्यंत पोचवत असे. चाळीस जण बघत होते, मग नव्वद, मग एकशे ऐंशी! कारखान्यांतल्या बायका जेवणाच्या सुटीत मोबाइल डब्याला टेकवून आपली सभा बघत होत्या. मला तर पंख फुटल्यासारखे झाले.

सरपंच जयसिंगराव कागद वाचू लागले, "नळाची लाइन पूर्ण झाली."

तेवढ्यात सणसवाडीच्या कँटीनमधून वच्छलाबाईंचा संदेश आला. दीक्षाने तो मोठ्याने वाचला, "पाईप लिंबापाशीच थांबलाय. आमच्या गल्लीत पाणी न्हाई."

"हजर नसणाऱ्याचं म्हणणं कसं धरायचं?" सरपंचांनी विचारले.

"आप्पा, त्या ड्युटीवर हायेत. पण बघत्यात तुमच्याकडं," दीक्षा म्हणाली.

पाठोपाठ तसेच एकतीस संदेश आले. आणि नेमका तेव्हाच मी तापलो. माझा पंखा धुळीने जाम झाला होता. चित्र अडखळू लागले. सुमितने आजींना फोन लावला, "आजी, चित्र अडतंय. मशीन तापलं असंल. जरा वारा घाला!"

आजी धान्य पाखडायचे सूप घेऊन आल्या आणि जोरजोरात वारा घालू लागल्या. "दमानं घे रं बाबा. पर थांबू नगंस."

मी थांबलो नाही. तिकडे सरपंच उठले. "चला, बघूनच येऊ." सारी सभा लिंबाकडे निघाली, मागे मोबाइल उंच धरलेली दीक्षा. पाईपच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. पुढे पाईपच नव्हता! ते एकशे ऐंशी जणांनी एकाच वेळी पाहिले. जयसिंगरावांनी वाकून ती चिंधी उपसली. मग म्हणाले, "ठेकेदारानं मला फसवलं, आन् मी बघाय आलो न्हाई. लिहा, काम अपुरं हाय."

अठरा दिवसांनी वच्छलाबाईंच्या दारात पाणी आले. पुढच्या सभेला जयसिंगरावांनी खुर्चीत बसण्याआधीच विचारले, "दीक्षाताई, चालू झालं का? सणसवाडीची माणसं आल्याबिगर सुरू करायचं न्हाई."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र पडून असेल. ते टाकून देण्याआधी पुसा, एकदा सुरू करून पाहा. आणि आपले बोलणे कुणाच्या हाती सोपवले आहे, तेही विचारत जा.