डावी सीट

शुभांगीला त्या सीटवर बसशील का, असं कुणी विचारलंच नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका रॅलीच्या सकाळी थोरले दीर झुंबरराव यांचा जोडीदार आलाच नाही, तेव्हा ते म्हणाले, "शुभांगी गणिताची बाई आहे, ती बसेल." ती बसली, आणि बसलीच.

नाशिकच्या त्या हौशी रॅली क्लबात गाड्या पळवायच्या नसत. ठरवून दिलेल्या वेगानं जायचं, ठरलेल्या वेळीच नाक्यावर पोचायचं. लवकर पोचलं तरी दंड, उशीर झाला तरी दंड. चालवणारा नुसता चालवतो. कुठं वळायचं, किती मागं पडलोय, हे डावीकडच्यानं हिशेब करून सांगायचं. झुंबरराव चालवायचे झकास आणि ओरडायचेही तितकंच. घरात मात्र कुणाला मोठ्यानं बोलायचे नाहीत. सगळं गाडीत निघायचं. सातपूरच्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये शुभांगीचा नवरा मनोज काम बघायचा आणि वरच्या मजल्यावर दोघांचा संसार होता. नाही म्हणायचं तर कुठं उभं राहून म्हणायचं?

यंदा अध्यक्षांनी तिच्यावर नवं काम टाकलं. "मॅडम, नवीन पोरं एकदा येतात, फोटो काढतात, परत फिरकत नाहीत. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्ही टिकवून दाखवा."

तिनं गंगापूर रोडला एका हॉलमध्ये रविवारी शिकवणी लावली. आलेल्यांत संजना नावाची मुलगी होती, अंबडला एका कारखान्यात लॅबमध्ये काम करणारी. हिशेब तोंडी करायची. नकाशा उलटा धरला तरी वाचायची. तिला शिकवता शिकवता शुभांगीच्या मनात आलं, ही बसली भाऊजींच्या शेजारी तर आपण सुटलो.

त्या रात्री तिला शांत झोप लागली. पुढच्या रॅलीसाठी तिनं भाऊजींना संजनाचं नाव सुचवलं. मग एक दिवस संजनानं विचारलं, "ताई, झुंबर सर कसे आहेत?"

"खूप अनुभवी आहेत," शुभांगी म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं, आणि ते तिला तेव्हाच कळलं होतं.

रॅली सुरगाण्याकडची होती. संजना पुढं बसली, शुभांगी मदतीला म्हणून मागं. दिंडोरी मागं पडेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग घाटाच्या तोंडाशी एक फाटा आला. संजना म्हणाली, "सर, उजवीकडे." झुंबरराव सरळ पुढं गेले. फाटा चुकल्याचं कळल्यावर त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

"तोंडात काय बोळा कोंबलाय का? मोठ्यानं सांगता येत नाय?"

"सांगितलं होतं सर—"

"उलट बोलू नको! सगळी रॅली घालवली. कुठून आणली ही, शुभांगी?"

 पुढं वळणावळणाला तेच. डॅशबोर्डवर थाप, मग शिवी, मग पुन्हा थाप. संजनाचा आवाज बारीक होत गेला, आकडे उशिरा येऊ लागले. एकदा तिनं बरोबर आकडा सांगितला आणि लगेच म्हणाली, "सॉरी सर." मागून शुभांगीला फक्त तिची मान दिसत होती, खांद्यात ओढून घेतलेली. होईल सवय, असं तिच्या मनात आलं. आपल्याला नाही का झाली? मग हा विचार आपलाच आहे, हे तिच्या ध्यानात आलं.

पुढच्या नाक्यावर चहाची टपरी होती. झुंबरराव उतरून पंचांशी वाद घालायला गेले. संजना वळली. डोळे कोरडे होते.

"ताई, माझं चुकलं का?"

हो म्हटलं असतं तर पोरगी आणखी मन लावून शिकली असती. तशीच होती ती.

"नाही," शुभांगी म्हणाली. "तू बरोबर सांगितलं होतंस. त्यांनी ऐकलं नाही."

"नेहमी असंच असतं?"

"हो. मला माहीत होतं, तरी तुला बसवलं."

संजनानं विचारलं, "मग तुम्ही का बसता?"

"माझे दीर आहेत गं ते," असं म्हणून शुभांगीनं दार उघडायला हात घातला. दार हलेना. मागची दारं आतून उघडत नसत. भाऊजींच्या मुलांसाठी लावलेलं लॉक कुणी काढलंच नव्हतं. संजनानं उतरून बाहेरून दार उघडलं.

सगळ्यात शेवटी मागं राहिलेल्यांना गोळा करत येणारी गाडी तेजस्विनीची होती, रविवारच्या शिकवणीतली, यंदाच क्लबात आलेली. शुभांगीनं संजनाला तिच्या हवाली केलं आणि स्वतः येऊन डावीकडे बसली.

"पळाली?" झुंबरराव चाक धरत म्हणाले. "आजकालच्या पोरींत दमच नाय."

"पळाली नाही, भाऊजी. मी पाठवलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं."

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू गाडीच बोलली होती. मग निघायची वेळ झाली. "बोल," ते म्हणाले आणि ती बोलू लागली. उरलेला रस्ता त्यांनी दुप्पट आवाजात कापला.

घरी मनोज एवढंच म्हणाला, "तू सांभाळून घ्यायला हवं होतंस."

पुढच्या महिन्यात संजना आली, तेजस्विनीची जोडीदार म्हणून, आणि सोबत लॅबमधल्या मैत्रिणीला घेऊन आली. अध्यक्ष खूश झाले. "काय जादू केलीत, मॅडम?"

"जादू नाही. एक नियम करा. नवीन माणसानं पहिली दोन वर्षं नवीन माणसाच्याच गाडीत बसायचं. जुन्यांच्या शेजारी नाही."

"झकास! आजच ग्रुपवर टाका."

तो मेसेज तिनंच लिहिला. हातोहात अंगठे आले, हार आले, टाळ्या आल्या. संजनाच्या मैत्रिणीनं लगेच नाव नोंदवलं. शुभांगीला बरं वाटलं, अगदी मनापासून. फोन खाली ठेवल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, की जुनं कुणी भाऊजींच्या शेजारी बसत नव्हतंच, आणि आता नवंही कुणी येणार नाही. खाली वर्कशॉपमध्ये त्यांनी गाडी सुरू केली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन तिला हाक मारली.