राहिलेला ओव्हर

विनिताने स्वच्छ चादरीचा कोपरा वॉर्डात शिकवतात तसा दुमडून गादीखाली खोचला, आणि मग तिच्या लक्षात आलं, की या खाटेवर आता कुणी निजणार नव्हतं. तिने चादर काढून पुन्हा घडी केली. हात आपले चालूच होते, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दमयंतीबाई सकाळी साडेनऊला गेल्या. पनवेलच्या कोळीवाड्यातल्या या घरात विनिता सात महिने दिवसाच्या ड्युटीवर होती. लकव्याने बाईंचं एक अंग गेलं होतं आणि वाचाही. त्यांच्या तोंडून एक शब्द तिने कधी ऐकला नव्हता. सकाळी तिने नळी काढली, डोळे मिटवले, हनुवटी बांधली, वेळ लिहिली. आणि तिला कडकडून भूक लागली.

नेमकं हेच तिला नको होतं. हॉस्पिटलातली चांगली नोकरी तिने या भुकेपायीच सोडली होती. एका पाळीत तीन पेशंट गेले, त्या दिवशी ती डबा चाटूनपुसून खाऊन आली आणि चौथ्या खाटेकडे वळली. आपल्या आतलं काहीतरी मेलंय, असं तेव्हा तिला वाटलं. एका घरात एकाच माणसाची सेवा केली तर ते परत येईल, म्हणून तिने ही खासगी ड्युटी धरली. आज कळलं, काही आलेलं नाही. भावाने, शैलेशने, न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात खुर्चीवरचं काम बघून ठेवलं होतं. आज रात्री फोन करतो, हो की नाही ते सांग, म्हणाला होता. हो म्हणायचं, तिने ठरवून टाकलं. नर्सिंगला रामराम. डबा मात्र शरमेने उघडला नाही.

स्मशानातून माणसं परतली, बसली, गेली. आठ वाजले. विनिता पिशवी खांद्याला लावतेय तोच बाईंचे यजमान, काशिराम, टोपी हातात घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. रोज आठला राहायचे तसेच.

पाळी बदलताना पेशंटचं सगळं पुढच्याच्या कानावर घालायचं, याला नर्स लोक ओव्हर देणं म्हणतात. या घरात रात्रपाळी काशिरामांची. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "ओवर? बॉलिंग कोन करतंय?" पण त्यानंतर एक दिवस चुकवला नव्हता. संध्याकाळी ती द्यायची, सकाळी ते.

"सिस्टर, ओवर दे."

"बाबा, आता कशाला?"

"दे गो."

ती रिकाम्या खाटेकडे बघत राहिली. "आठला आले. ताप नव्हता. साडेआठला नळीतून पेज दिली. नऊला श्वास जड झाला, डॉक्टरांना फोन केला. हात धरून बसले. साडेनऊला गेल्या." आवाज कोरडाच होता.

काशिरामांनी मान हलवली. "मंग आता माजा घे. सकाली रायला. भरतीची येल गाठाया चारलाच होडीवर गेलो, शेजारच्या कृष्णाबाईला बसवून. तुला भेटलोच नाय."

"सांगा."

"अकराला कूस बदलली. एकला परत. तीनला..." त्यांनी टोपी चुरगाळली. "तीनला तिला वाचा फुटली. बोबडी, पन फुटली. मला वाटला, मला हाक मारते. कान लावला तर बोलते, सिस्टर जेवली का."

विनिताने पिशवीतल्या डब्याकडे पाहिलं.

"तू पाठ करून जेवायचीस ना. ती बघायची. बोलली, सकाली ती आली की तिला इचार. तेवढा इचारायचा रायला."

विनिताने पिशवी उतरवली, जमिनीवर बसली आणि डबा उघडला. पोळी वाळली होती, भेंडीला वास सुटला होता. तिने घास तोंडात घातला. दिवसभर पोटात असलेली भूक कुठे गेली होती कोण जाणे, घास काही केल्या गिळवेना. पिशवीत फोन वाजला. शैलेशच होता. वाजून वाजून तो थांबला.

"पानी आनू?" काशिरामांनी विचारलं.

तिने नको अशी मान हलवली. डोळे वाहायला लागले होते, ते पुसायला हात आपणहून गेले नाहीत.

"सावकाश जेव," ते म्हणाले आणि तिच्यासमोर येऊन बसले. "आज रातची ड्युटी कुनाचीच नाय."