त्या दिवशी मी पेटले नाही

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. शाळेतली नव्हे, उंच टांगायची, आतून दिवे असलेली. माझ्या काचेवर लाल रंगात एकच शब्द लिहिलेला आहे: हसा. माझा एक कोपरा चेपलाय, रंगाचे पोपडे निघालेत, तरी मला कोणी बिचारी म्हणायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. आपली कहाणी सांगता सांगता जुन्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या शेवटी रडायला लागतात. मी रडणार नाही. माझा तो धंदाच नाही.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं. मग रंगाऱ्याने अक्षरं काढली. शेवटच्या बाकावर बसलेल्या, चष्मा घरी विसरून आलेल्या माणसालाही दिसली पाहिजेत, असं त्याला बजावलं होतं. त्यामुळे अक्षरं चांगली ठसठशीत आली. तिथून मला थेट एका स्टुडिओत आणलं आणि छताच्या लोखंडी नळीला टांगलं.

माझ्यासमोर एक घर होतं. घर कसलं, तीन भिंती. चौथ्या भिंतीच्या जागी प्रेक्षकांचे बाक. नळाला पाणी नाही, जिन्याला वरचा मजला नाही आणि खिडकीतलं आकाश कापडावर रंगवलेलं. या घरात ‘जेवायला या रे’ नावाची मालिका चालायची. आई, बाबा, दोन भांडखोर भाऊ, त्यांची धाकटी बहीण आणि आजोबा. रोज काहीतरी गोंधळ व्हायचा, आणि शेवटी आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, “जेवायला या रे!” की सगळं भांडण संपून सगळे टेबलाभोवती गोळा व्हायचे.

विनोद झाला की बाजूला बसलेली बटणताई बटण दाबायची, मी पेटायचे आणि लोक हसायचे. चांगल्या विनोदाला माझी गरज पडायची नाही, मी पेटायच्या आधीच बाकांवर हशा उसळायचा. फुसका विनोद आला की मात्र माझे दिवे तापून लाल व्हायचे. माझ्या शेजारी ‘टाळ्या’ नावाची दुसरी पाटी होती. ती जरा पुढेपुढे करणारी. स्टुडिओचे मालक नुसते दारातून आत आले तरी पेटायची.

पण मला आवडायचे ते वेगळेच प्रसंग. एका भागात बाबांची नोकरी जाते. घरी सांगायची हिंमत होत नाही, म्हणून ते रोज डबा घेऊन बाहेर पडतात आणि सेटच्या कडेला उभारलेल्या बागेत बाकावर बसून राहतात. एक दिवस थोरला मुलगा त्यांना तिथे पाहतो.  शेजारी बसतो, आपला डबा उघडतो आणि अर्धी भाजी बाबांच्या झाकणात वाढतो. दुसऱ्या एका भागात थोरला शिकायला परगावी जातो. खिडकीजवळच्या पलंगासाठी वर्षानुवर्षं मारामारी करणारा धाकटा भाऊ आता एकटाच त्या खोलीत असतो, तरी आपल्या जुन्या कोपऱ्यातच झोपतो. कोणी हसलं नाही, कोणाला हसायला सांगितलंही नाही. मी गुपचूप अंधारात लटकून सगळं बघत होते. माझे सगळ्यात लाडके प्रसंग मी विझलेली असतानाचे आहेत, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

आता आजोबांबद्दल सांगते. त्यांचं काम करणारे नट खरोखरच म्हातारे होते. सेटवर सगळे त्यांना आजोबाच म्हणायचे. कामात एकदम चोख माणूस. पण पुढे पुढे त्यांना वाक्यं आठवेनाशी झाली. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि हवेत बघत राहायचे. तेव्हा दिग्दर्शकसाहेब बटणताईला खूण करायचे, की लाव ‘हसा’. लोक हसायचे, त्यांना वाटायचं म्हाताऱ्याची गंमतच आहे. पण मी वरून त्यांचा चेहरा बघायचे. त्यांची मान खाली जायची. माणूस धडपडला की त्याला हात द्यायचा असतो, हसायचं नसतं, हे तुमच्या घरातल्या लहान पोरालाही कळतं. या शहाण्यांना कळत नव्हतं. माझं डोकं तापायचं, आणि ते दिव्यांमुळे नव्हे.

मग मालकांनी सांगून टाकलं की आजोबा आणखी एकदा अडले तर त्यांना गावाला पाठवायचं. मालिकेत एखाद्या म्हाताऱ्याला काढून टाकायचं असलं की त्याला गावाला पाठवतात, मित्रांनो. ते गाव कुठे असतं कोण जाणे. तिथून कोणी परत येत नाही. ही गोष्ट सेटवर सगळ्यांना कळली. आजोबांनाही कळली. ते पाठांतर करत एकटे बसू लागले.

आणि तो दिवस आला. प्रसंग साधाच होता. धाकटी नात पहिल्यांदा शाळेला निघाली आहे आणि आजोबा खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधतायत. बांधता बांधता त्यांनी एक लांबलचक वाक्य बोलायचं होतं. नातीचं काम करणारी मुलगी पायाला भिंगरी लावल्यासारखी सेटभर फिरायची, म्हणून तिचं नावच भिंगरी पडलं होतं. त्या प्रसंगात मात्र तिला नुसतं उभं राहायचं होतं. एक शब्दही नव्हता.

आजोबांनी एक नाडी बांधली. दुसरी हातात घेतली आणि थांबले. वाक्य आठवेना.  बाक शांत झाले. दिग्दर्शकसाहेबांनी खूण केली. बटणताईने त्यांच्याकडे नको ना अशा नजरेने पाहिलं, पण त्यांनी डोळे वटारले, तेव्हा तिने बटण दाबलं.

मी पेटले नाही.

तिने पुन्हा दाबलं. मी पेटले नाही. वीज आली होती, माझ्या दारापर्यंत आली होती. मी तिला आत घेतलं नाही. जा, म्हटलं, दुसरं घर बघ.

त्या शांततेत भिंगरीने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“आजोबा, सावकाश,” ती म्हणाली. “मला शाळेला उशीर झाला तरी चालेल.”

हे वाक्य कोणी लिहिलेलं नव्हतं. आजोबांनी वर पाहिलं. त्यांचं लिहिलेलं वाक्य त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही, पण त्यांनी हातातली नाडी तिच्यापुढे धरली.

“एक मी बांधली,” ते म्हणाले. “दुसरी तू बांध. मी कुठे जात नाही.”

ते कोणाला उद्देशून होतं हे सेटवरच्या प्रत्येकाला कळलं. भिंगरीने खाली बसून वेडीवाकडी गाठ मारली. बाकांवर कोणीतरी नाक ओढलं. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. माझी शेजारीण पेटलीच नव्हती, ती बावचळून नुसती बघत होती. मालकही तिथेच उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला.

नंतर दिग्दर्शकसाहेबांचा राग निघाला तो बटणताईवर. तिने बटण दाबलंच नाही म्हणाले. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं, “मी दाबलं होतं.” कोणाला पटलं नाही. वायरमनने मला खाली उतरवून उघडलं, इकडची वायर ओढली, तिकडची ओढली आणि शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून वायर सैल आहे असं सांगून मोकळा झाला. मला गोदामात टाकलं, तोंड भिंतीकडे करून. कोपरा चेपला तो तेव्हा.

चेपू दे. आजोबा गावाला गेले नाहीत, मित्रांनो. तो भाग लोकांना इतका आवडला की मालकांची पुढे त्यांना हात लावायची छाती झाली नाही. उलट त्यानंतर प्रत्येक प्रसंगात भिंगरी त्यांच्या शेजारी असायची. ते अडले की ती थांबायची, आणि फारच अडले तर हळूच विचारायची, “मग काय झालं?” हे सगळं मला गोदामात ऐकू यायचं. आजोबा स्वतःला पुरे वाटेपर्यंत काम करत राहिले आणि एके दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन, आपल्या पायांनी घरी गेले. मी मात्र धूळ खात पडले. शिक्षाच होती ती. पण केल्याचा पश्चात्ताप म्हणाल, तर तो मला एक दिवसही झाला नाही.

फार वर्षांनी गोदामाचं दार उघडलं. भिंगरी आत आली. आता ती बाई झाली होती आणि स्वतः दिग्दर्शन करत होती. लोकांच्या आवडत्या प्रसंगांचा एक कार्यक्रम तिला करायचा होता, त्याच स्टुडिओत, बाकांवर प्रेक्षक बसवून. तिने मला पदराने पुसलं आणि परत नळीला टांगलं. बटणाशी बसायला तिने बटणताईलाच बोलावलं. तिचे केस पांढरे झाले होते, पण अंगठा अजून तयारीचा होता.

आधी पडद्यावर जुने गमतीचे प्रसंग दाखवले. ताईने बटण दाबलं की मी पेटायचे, एकदाही चुकले नाही. वायर सैल होती म्हणे! मग नाडीचा प्रसंग आला. आजोबा थांबले. ताईने बटणावरून हात काढला. भिंगरी तिच्या कानाशी वाकून म्हणाली, “दाबून बघा ना, ताई.”

ताईने दाबलं. मी पेटले नाही.

ताईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग भिंगरीकडे वळून म्हणाली, “आता तरी पटलं ना? मी दाबलं होतं.”

तर मित्रांनो, मला पुसा असं मी म्हणत नाही, रंग द्या असंही म्हणत नाही. मी आहे तशी बरी आहे. पण तुमच्या घरी कोणी बोलता बोलता अडलं, शब्द शोधत राहिलं, तर तुमच्यावर बटण दाबणारे पुष्कळ भेटतील. तेव्हा पेटू नका. त्या माणसाच्या शेजारी उभे राहा आणि थांबा. शाळेला उशीर झाला तरी चालेल.